चार गिअरची गाडी

आमच्याकडे बिनकामाचं कुणी गावाला जात नाही. लग्न असतं, मयत असते, कोर्टाची तारीख असते, दवाखाना असतो, नाहीतर लेकराची ॲडमिशन असते. यातलं काहीच नसताना घराला कुलूप लावून निघालेल्या माणसाकडे शेजारी जरा काळजीनंच बघतात. नांदेडहून लातूरला जाणारा रस्ताही असाच कामाचा. सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर, आष्टामोड, लातूर. आता तो ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. तुळजापूरहून निघतो आणि नागपूरजवळ बुटीबोरीला संपतो. एसटीत उभं राहून, काळीपिवळीत दाटीवाटीनं, पुढे स्वतःच्या गाडीच्या काचा वर करून मी या रस्त्यानं आयुष्यभर गेले-आले. चहा-पाणी सोडलं तर वाटेत उगाच कधी थांबल्याचं आठवत नाही.

लेकीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि तिनं जाहीर केलं, अकरावीला लातूर. क्लासेसचं पीक नांदेडातही काही कमी नाही. सकाळी सहाला पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरांनी रस्ते भरतात इथेही. पण राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजांच्या निकालांमधून उभ्या राहिलेल्या ‘लातूर पॅटर्न’चा दबदबा तीस वर्षांनंतरही ओसरलेला नाही, आणि तिच्या दोन मैत्रिणींचं तिथं ठरलेलंही होतं. लेक रडवेली वगैरे अजिबात नव्हती. रूमचे फोटो मोबाइलवर बघून झाले होते, मेसच्या भाज्यांची चौकशी झाली होती. घरात रडवेलं कुणी असलंच तर ते मीच होते, आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हिला लातूरला सोडायचंच आहे, तर वाकड्या वाटेनं सोडू. मी शाळेत भूगोल शिकवते. बालाघाटच्या रांगा फळ्यावर काढून काढून खडू झिजले, पण त्या रांगांमधून लेकीला हिंडवलं कधीच नव्हतं. कंधार, जांब, जळकोट, उदगीर, देवणी, निलंगा, खरोसा, औसा, आणि मग लातूर. सरळ गेलं तर दुपारच्या जेवणाला पोचायचं गाव, त्याला असा वळसा घालून जायचं.

घरात एक मोठी पांढरी गाडी आहे. तिचे हप्ते अजून चालू आहेत आणि तिच्या सीटवरचं प्लॅस्टिक वर्षभर आम्ही काढलंच नव्हतं. त्या गाडीत बसलं की मी वेगळीच बाई होते. चिंचेखाली लावू नका, पाखरं घाण करतात. बाजारातून नेऊ नका, मोटारसायकलवाला हँडल घासून जातो. चिखलाचे पाय आधी झटका. पाच माणसांच्या त्या गाडीत सहावं माणूस म्हणजे ती गाडीच, आणि सगळ्यात लाडकंही तेच. तिला घेऊन जळकोटच्या आडरस्त्याला शिरायचं म्हणजे सगळा वेळ दगड-गोटे बघण्यात गेला असता. मला अशी गाडी हवी होती जिला ओरखडा आला तर हसू येईल.

म्हणून मारुती ८००. हिच्याबद्दल माझ्या पिढीला काय सांगायचं! १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपालसिंगांच्या हातात पहिल्या गाडीची किल्ली दिली, तेव्हा तिची किंमत होती ४७,५०० रुपये. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं तोवर पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं, वजन जेमतेम साडेसहाशे किलो. आमच्या लहानपणी गल्लीत डॉक्टरांकडे एक होती. डॉक्टर पेशंट तपासायला उतरले की आम्ही पोरं तिच्या काचेत तोंड बघायचो. त्या डॉक्टरांची ऐट आता जुन्या बाजारात मोबाइलच्या भावात मिळते, हे मला फार गमतीचं वाटलं.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र बाईनं एकटीनं जाणं म्हणजे वेगळंच प्रकरण. पहिल्या दलालानं मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, “साहेब येणारैत ना मागून?” साहेब बँकेच्या बदलीपायी सोलापुरात होते आणि फोनवर एकच प्रश्न विचारत होते: “वाटेत बंद पडली तर?” गाडी मलाच घ्यायची आहे हे पटल्यावर दलाल मोकळा झाला आणि त्याच्या तोंडून ती सगळी वाक्यं आली जी या धंद्यात मंत्रासारखी म्हटली जातात. सिंगल हँड. डॉक्टरची गाडी. घरचीच वापरलेली. इंजिनला हात लावलेला नाही. टायर साठ टक्के. पेपर क्लिअर. एवढ्या जुन्या गाड्या नांदेडातल्या डॉक्टरांनी विकल्या असतील तर त्यांनी पेशंट कधी तपासले, असा प्रश्न पडावा.

नंतर मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, सोबत नेलं. अण्णांना गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण त्यांनी उभी हयात लोह्याजवळच्या आमच्या खेड्यात शेती केली, आणि मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा कधी चुकवली नाही. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी वळू, असा सगळा मांड असतो तिथं, शेजारी तमाशाचे फड आणि कुस्त्या. दात बघून वय ओळखायचं, फिरवून चाल बघायची, शेपटी, खूर, डोळा, आणि मग रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचा. अण्णांनी बोनेट उघडायला लावलं, आत वाकून बराच वेळ बघितलं आणि दलालाला गंभीरपणे विचारलं, “किती दाती?”

“काका, २००८ चं मॉडेल.”

“म्हणजे जुळलेलं. खोडीचं नाही ना?”

दलाल हसला, पण मला त्या प्रश्नात वावगं काही दिसेना. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर गाडी ऑइल खाते, पांढरा दाट धूर आला तर हेड गॅस्केटची भानगड, पायाखालची मॅट उचलून पत्रा सडलाय का ते बघायचं. हे मी मोबाइलवर वाचून आले होते आणि अण्णा ते न वाचताच करत होते. त्यांनी मॅट उचलली. सेल्फ मारायच्या आधी इंजिनाला हात लावून ते थंड आहे ना हे बघितलं, कारण बाजारात जनावर आधीच पळवून गरम करून ठेवलेलं असतं म्हणे. लेकीनं फ्रिजवरचं मॅग्नेट आणलं होतं. तिनं ते दारांवरून, मडगार्डवरून फिरवलं. पत्र्याला चिकटायचं, आणि जिथं ठोकून लांबी भरली आहे तिथून घसरून पडायचं. डाव्या मागच्या दाराशी ते पडलं. तेवढ्या दाराचे दोन हजार कमी झाले. एका फ्रिज मॅग्नेटची एवढी कमाई मी पहिल्यांदा बघितली.

दलालानं कॅल्क्युलेटरवर आकडा मारला आणि तो पडदा माझ्याकडे न वळवता अण्णांकडे वळवला. अण्णांनी तो माझ्यापुढे सरकवला. ४१,००० ला सौदा ठरला. म्हणजे १९८३ पेक्षाही कमी. इसार दिला, टीटी फॉर्मवर सह्या झाल्या, आरसी बुकात बँकेचा बोजा नाही हे बघून घेतलं. पंधरा वर्षं झाल्यावर आधीच्या मालकानं पासिंग करून घेतलं होतं, ते २०२८ पर्यंत. पुढे विमा, पीयूसी, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. या कागदांचा कंटाळा सगळ्यांना सारखाच, तो सांगत बसत नाही. गाडी लाल होती, म्हणजे कधीकाळी. उन्हानं टपाचा रंग बोराच्या सालीसारखा झाला होता. एसी नाही. टेप होता, पण बोलत नव्हता.

एप्रिलमधल्या एका पहाटे आम्ही निघालो. नांदेडचा एप्रिल ज्यांना माहीत आहे ते विचारतील, पहाटे म्हणजे किती वाजता. अंधार होता. विष्णुपुरीच्या बाजूला उजाडलं तेव्हा लेकीचा हात खिडकीबाहेर होता आणि काच खाली करायचं हँडल ती पुन्हापुन्हा फिरवून बघत होती. असं हँडल तिनं पहिल्यांदाच हातात धरलं होतं. मोकळा रस्ता लागला की माझा हात आपोआप पाचव्या गिअरसाठी जायचा आणि रिकामा परत यायचा. हिला चारच गिअर. साठाच्या पुढे गेलं की सगळी गाडी थरथरते आणि डॅशबोर्डातून एक किरकिर सुरू होते, म्हणून मी साठाच्या आतच राहिले. आणि साठाच्या आत राहिलं की दिसायला लागतं. ज्वारी निघाली होती, कडब्याच्या गंजी रचलेल्या होत्या. चिंचा झोडपून झाल्या होत्या आणि दारोदारी बाया गोल बसून चिंचा फोडत होत्या. काचा उघड्या, त्यामुळे तो आंबट वास गाव संपल्यावरही मागच्या सीटवर बसून आला.

कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळचा, पुढच्या राजवटींनी वाढवलेला. लेकीला मात्र किल्ल्यापेक्षा तिथल्या क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीच्या तुकड्यांनी धरून ठेवलं. एवढ्या मोठ्या देवाचं शिल्लक राहिलं काय, तर काही तुकडे. जगत्तुंग तलावाकाठी आम्ही डबा उघडला आणि ऊन चढायच्या आत जांबकडे निघालो.

ऊन चढलंच. रस्ता वर चढायला लागला, पुढे कडब्याचा ट्रॅक्टर, त्यामुळे वेग बैलगाडीचा, आणि लेक ओरडली, “आई, काटा!” टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे निघाला होता. वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटरला थंड ठेवतो. चढाला, हळू चालताना पंखा लागतो, आणि सतरा वर्षांच्या गाडीचा पंखा काही फिरत नव्हता. लिंबाच्या झाडाखाली गाडी घेतली, बोनेट वर केलं. आता वाट बघायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, उकळतं पाणी तोंडावर येतं.

मला वाटतं, त्या प्रवासाचं खरं मोल या थांबण्यांत होतं. कुठं थांबायचं हे आम्ही ठरवत नव्हतो, काटा ठरवत होता. तिथं बघण्यासारखं काही नसायचं. एक लिंब, एक नांगरलेलं काळं रान, लांब कुणाचा तरी शेतातला आखाडा. मोबाइलला रेंज येऊन-जाऊन. अर्धा-पाऊण तास दोन माणसांनी एका दगडावर बसायचं म्हटलं तर बोलण्याशिवाय काय करणार? अशाच एका दगडावर लेकीनं मला सांगितलं की आठवीत असताना तिनं एकदा शाळा बुडवली होती. मैत्रीण आणि ती नगिना घाटावर जाऊन बसल्या, गोदावरीत पाय सोडून, आणि भूक लागली तेव्हा शाळेच्या ड्रेसवरच गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरमध्ये जेवल्या. “डाळ काय होती आई! तुझ्यापेक्षा भारी.” घरी हे कळलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. तिथं दगडावर बसून कसली रागावणार? मी विचारलं, “ओढणी घेतली होती का डोक्यावर?” तर म्हणे, “रुमाल बांधला होता, तिथंच मिळतो.” मग मीही माझ्या हॉस्टेलमधली एक गोष्ट तिला सांगितली. ती इथं लिहिणार नाही.

आखाड्यावरची एक म्हातारी आमच्याकडे बराच वेळ बघत होती. मग जवळ आली.

“कुठं चाल्लाव?”

“लातूरला.”

“मंग इकडून कामून? लातूरचा रस्ता तर तिकडं ऱ्हायला, लोह्याकडून.”

“असंच, फिरत फिरत.”

तिनं मला नीट बघून घेतलं. मग लेकीला, मग गाडीला. रेडिएटरला पाणी लागेल म्हटल्यावर म्हणाली, “माणसाला पाणी न्हाई अन् गाडीला पायजे.” पण कळशी घेऊन आली, अर्धी भरलेली. आधी लेकीच्या ओंजळीत ओतलं, मग माझ्या, उरलेलं गाडीला. लातूर जिल्ह्याच्या उंबरठ्यावर एप्रिलमध्ये अर्धी कळशी म्हणजे काय, हे २०१६ चा एप्रिल बघितलेल्याला सांगावं लागत नाही. मिरजेहून पाण्यानं भरलेली रेल्वे आली होती तेव्हा लातूरला. लेक तेव्हा पहिलीत होती. तिला फक्त टीव्हीवरची गाडी आठवत होती. मी पैसे काढायला लागले तर म्हातारी म्हणाली, “ठेव बाई. लेकरू हाय संगं.”

उदगीरला मिस्त्री गाठला. त्यानं वाकून बघितलं आणि एका मिनिटात निकाल दिला, “फॅन का स्विच गया मॅडम. नवा कल आता. तब तक डायरेक्ट कर देतूं, टेन्शन नक्को लेओ.” डायरेक्ट म्हणजे काय, तर घरात दिव्याला असतं तसलं बटण त्यानं डॅशबोर्डखाली बसवलं आणि पंख्याची वायर त्याला जोडली. काटा अर्ध्यावर आला की बटण दाबायचं. हे काम लेकीकडे आलं आणि तिनं ते असं केलं की विमानतळावर कुणी काय करेल. कधी दाबलं, किती वेळात काटा खाली आला, हे सगळं केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर. माझ्या शास्त्राच्या सहकाऱ्यांनी वर्षभर शिकवलेली उष्णता एका बटणात तिला कळली, असं मी म्हणणार नाही. मजा आली, एवढंच.

मिस्त्रीचं काम चालू होतं तोवर किल्ला बघून घेतला. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगिरीत नमवलं, आणि त्याच यशाच्या जोरावर त्यांना उत्तरेला पाठवण्यात आलं. वर्षभराच्या आत पानिपत. लेक तटावर बसून म्हणाली, “म्हणजे इथं हरले असते तर वाचले असते.” इतिहासाचे मास्तर असते तर त्यांनी यावर तासभर घेतला असता. मला आपलं तिला उन्हातून खाली न्यायचं होतं.

देवणीजवळ रस्त्याच्या कडेला एक बैलजोडी उभी दिसली आणि गाडी मी आपणहून थांबवली. काटा ठीक होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. लेकीनं फोटो काढून अण्णांना पाठवला आणि दोन मिनिटांत त्यांचा फोन आला: “शेवरा हाय तो. सगळा पांढरा असता तर बालंक्या. अन् तोंड काळं असलं की वानेरा. दात बघितले का?” दात बघायला लेक तयार होती, मालक नव्हता.

निलंग्यात निलंगा राईस खाल्ला, गाड्यावर उभं राहून. नीळकंठेश्वराचं देऊळ बघितलं. त्याचं कोरीव काम सुंदर आहे, पण दुपारी दगडी फरशीवर अनवाणी पाय ठेवता येईनात, म्हणून ते देऊळ आम्ही पळत बघितलं, असं म्हणणं जास्त खरं.

खरोशाला मात्र मी तिला सोडलं नाही. आमचा सगळा मुलूख काळ्या बेसाल्टचा, वेरूळ-अजिंठा त्यातलंच. खरोशाची टेकडी जांभ्याची आहे. कोकणात घराघराला दिसणारा तो तांबडा, भोकाभोकांचा दगड इथं औशाच्या माळावर टेकडीच्या डोक्यावर बसला आहे, आणि कुणीतरी सहाव्या शतकाच्या सुमाराला त्यात लेणी खोदली. जांभा बारीक नक्षी धरत नाही. त्यामुळे देवांचे चेहरे पुसट, हातपाय जाडे, जणू चिखलातून आत्ताच उठलेत. मला ते वेरूळपेक्षा जवळचे वाटतात, हे शाळेत मी बोलत नाही. आत गारवा होता. लेक पाठ टेकून बसली आणि म्हणाली, “आई, तू वर्गात अशी बोलत नाहीस.” माझ्या वर्गात ती तीन वर्षं बसली आहे, म्हणजे तिला माहीत असणार.

औशाचा किल्ला वाटेतच होता, पण संध्याकाळ झाली होती आणि दोघींनाही अंघोळीची घाई. लातुरात शिरलो ते थेट गंजगोलाईत. १९१७ सालची ही गोल बाजारपेठ, मधे जगदंबेचं देऊळ, आणि सोळा रस्ते येऊन मिळतात. हॉस्टेलचा रस्ता त्यातला कोणता हे मोबाइल सांगत होता, पण तो सांगेपर्यंत रस्ता मागे जायचा. मोठी गाडी असती तर मला तिथं घाम फुटला असता. ही हातभर गाडी हातगाडे, रिक्षा, पिशव्या घेतलेल्या बाया यांच्यातून सुळकन वळायची. पुन्हा एक फेरी. मग मोबाइलनं नीट सांगितलं तरी लेक म्हणाली, “आई, अजून एक मार ना.” एका मोटारसायकलवाल्यानं आमच्या दाराला हँडल घासलं. तेच दार, मॅग्नेट न चिकटणारं. लेक मान बाहेर काढून त्याला म्हणाली, “राहू द्या काका, चालतंय.”

गाडी अजून माझ्याकडे आहे. लेकीच्या बारावीनंतरही गाडीच्या पासिंगचं वर्षभर उरतं. २०२८ ला गाडी वीस वर्षांची होईल, आणि वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीच्या नोंदणीला आता १०,००० रुपये पडतात, वर पर्यावरण कर. म्हणजे किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. साहेबांनी हा हिशोब कागदावर मांडून माझ्यापुढे ठेवला आहे. तोपर्यंत पावसाळ्यात किनवटकडे, सहस्रकुंडाचा धबधबा बघायला जायचं आहे. पंख्याचं बटण तसंच ठेवलं आहे, नवा स्विच बसवू द्यायला लेक तयार नाही. आणि अण्णांनी मार्गशीर्षातल्या माळेगावच्या यात्रेला याच गाडीतून न्यायचं कबूल करून घेतलंय. बैल घ्यायचा नाही, घोडा तर नाहीच. चार ओळखीच्या माणसांना गाडी दाखवायची आहे. मात्र ते पुढच्या सीटवर बसणार म्हणतात, आणि लेकीचं म्हणणं, बटण पुढे आहे, तेव्हा पुढे मी. त्या दोघांचं हे फोनवर रोज चालू आहे.